भिंत पॉम्पेईत, चित्र नेपल्समध्ये

पॉम्पेईतलं सगळ्यात प्रशस्त घर म्हणजे फॉनचा वाडा. सुमारे ३,००० चौरस मीटरचा, दोन बागा आणि दोन चौक असलेला. पुढच्या चौकातल्या उथळ हौदात ब्राँझचा छोटा नाचरा फॉन, म्हणजे रोमन वनदेव, उभा असतो आणि त्याच्याभोवती कायम गर्दी. आत गेलं की दोन बागांच्या मधल्या दालनात अलेक्झांडर आणि इराणचा बादशहा तिसरा दारियस यांची लढाई जमिनीवर पसरलेली दिसते. लोक कठड्यावरून वाकून तिचे फोटो काढतात आणि पुढच्या घराकडे वळतात.

फॉनही नक्कल, लढाईही नक्कल. लढाईची नक्कल रावेन्नाच्या कारागिरांनी केली आणि २००५ मध्ये ती जागेवर बसली. अस्सल दोन्ही गोष्टी पंचवीसेक किलोमीटरवर, नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. २०२४ मध्ये पॉम्पेईला चाळीस लाखांहून जास्त लोक आले. त्यांतले फार थोडे नेपल्सच्या त्या गुलाबी-तांबड्या इमारतीत पाय ठेवतात. उलट, जे संग्रहालयात जातात त्यांतल्या कित्येकांना समोरचं चित्र कुठल्या घराच्या कुठल्या खोलीतलं, हे कळतच नाही.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेल्या या गावांत सापडलेल्या वस्तू ठेवायच्या कुठे? या प्रश्नाला गेल्या पावणेतीनशेहून अधिक वर्षांत निरनिराळी उत्तरं दिली गेली. मजा अशी की एकही उत्तर पुसलं गेलेलं नाही. नेपल्सच्या आखाताच्या कडेने तीन-चार दिवस फिरलं तर ती सगळी एकाशेजारी एक पाहायला मिळतात.

पहिलं उत्तर राजाचं. १७०९ च्या सुमारास विहीर खणताना पॉम्पेईसारख्याच गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमच्या रंगमंडलाचे संगमरवरी तुकडे हाती लागले होते आणि एका सरदाराने तिथून पुतळे उपसून नेले होते. १७३८ मध्ये नेपल्सचा राजा चार्ल्स बूर्बोन याने रीतसर खोदकाम सुरू केलं. काम सोपवलं रोके होआकिन दे अल्कुबियेरे या स्पॅनिश लष्करी अभियंत्याकडे. गाव वीसेक मीटर जाडीच्या, दगडासारख्या घट्ट झालेल्या थराखाली होतं आणि वर नवं गाव नांदत होतं. म्हणून त्याने बोगदे मारले. मजूर मशालींच्या उजेडात भिंती फोडत पुढे सरकायचे, मौल्यवान ते वर पाठवायचे आणि संपलेला बोगदा पुढच्या बोगद्याच्या मातीने बुजवायचे. ही खाणच होती, फक्त कोळशाऐवजी पुतळ्यांची. १७४८ मध्ये पॉम्पेईवर काम सुरू झालं तेव्हा ती जागा म्हणजे स्टाबिए हे गाव आहे असं वाटत होतं; खरं नाव १७६३ मध्ये एका शिलालेखाने सांगितलं.

राजाला हवा होता आपल्या पोर्तिचीच्या महालात मांडायला खजिना. भित्तिचित्रांचे मधले देखणे चौकोन कापून काढले गेले आणि भोवतालची रंगीत भिंत तशीच ऊन-पावसाला सोडली गेली. नेण्याजोगी न वाटलेली चित्रं कधी कधी मुद्दाम खरवडूनही टाकली गेली, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती नकोत. जर्मन विद्वान योहान विंकेलमान याने १७६२ मध्ये या कारभारावर जाहीर पत्र लिहिलं. त्यात त्याने सांगितलेला एक किस्सा आजही अंगावर काटा आणतो: भिंतीवर ब्राँझच्या अक्षरांत एक लेख सापडला, तर अक्षरं उपटून टोपलीत भरली आणि राजाकडे धाडली. ती कुठल्या क्रमाने लावलेली होती, हे कुणी टिपून घेतलंच नाही.

मला या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट इथे दिसते. अक्षरं भिंतीवर राहिली की राजवाड्यात गेली, हा प्रश्न दुय्यम आहे. क्रम लिहून ठेवला असता तर ती जगात कुठेही नेली असती तरी लेख वाचता आला असता. वस्तू जागेवरून हलली म्हणून जितकं नुकसान झालं, त्याहून कितीतरी जास्त नोंद न करता हलवल्यामुळे झालं.

याचा पुरावा त्याच काळात, अल्कुबियेरेच्या हाताखालीच मिळतो. कार्ल वेबर हा स्विस अभियंता १७५० पासून त्याच्याबरोबर काम करत होता. बोगद्यांतून रांगत का होईना, पण त्याने हर्क्युलेनियमबाहेरच्या एका आलिशान समुद्रकाठच्या बंगल्याचा नकाशा काढला आणि कुठला पुतळा कुठे मिळाला ते टिपत गेला. वरिष्ठाला ते आवडत नव्हतं. कामाचा वेळ जातो, ही तक्रार. पुढे त्या बंगल्याचं काय झालं ते पाहा. त्यातले ब्राँझचे धावपटू, पाण्याच्या काठी उभ्या असाव्यात तशा बायका, मद्यधुंद सॅटर, बसलेला हर्मीस हे सगळे नेपल्सच्या संग्रहालयात आहेत. त्यातल्या कोळसा झालेल्या पपायरसच्या गुंडाळ्या, सुमारे १,८००, नेपल्सच्याच राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. इमारत स्वतः अजून बहुतांशी जमिनीखाली आहे. आणि वेबरच्या नकाशाच्या आधारे बांधलेली तिची प्रतिकृती अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या मालिबूजवळ, १९७४ पासून गेटी संग्रहालय म्हणून उभी आहे. एकाच घराचे चार तुकडे, दोन खंडांत. तरी त्या घराबद्दल आपण आज सलग बोलू शकतो, ते एका माणसाने बोगद्यात बसून रेघा ओढल्या म्हणून.

गुंडाळ्यांची गोष्ट तर अजून चालूच आहे. सुरुवातीला त्या लाकडाचे जळके ओंडके समजून काही टाकूनही दिल्या होत्या. मग व्हॅटिकनहून आलेल्या आंतोनियो पियाज्जो या पाद्र्याने रेशमी धाग्यांनी त्या अलगद उलगडणारं यंत्र बनवलं. एकेका गुंडाळीला वर्षं लागायची आणि तुकडे पडायचे ते वेगळेच. २०२३ मध्ये एका विद्यार्थ्याने न उघडलेल्या गुंडाळीच्या क्ष-किरण प्रतिमांमधून संगणकाच्या मदतीने पहिला शब्द वाचला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिघा तरुणांना २,००० हून अधिक अक्षरं वाचल्याबद्दल मोठं बक्षीस मिळालं. फेकून न देता जपलेल्या कोळशाची ही किंमत.

आता नेपल्सच्या संग्रहालयाकडे येऊ. इमारत सोळाव्या शतकात घोडदळाच्या तबेल्यासाठी सुरू झाली, पुढे तिच्यात विद्यापीठ बसलं आणि १८१६ मध्ये तिचं शाही बूर्बोन संग्रहालय झालं. इटली एक होत असताना, १८६० मध्ये, ते राष्ट्राच्या मालकीचं झालं. आत शिरल्यावर पहिल्यांदा भेटतात ते व्हेसुव्हियसचे रहिवासी नव्हेतच. तळमजल्यावरचा गदेवर रेललेला थकलेला हर्क्युलिस आणि बैलाला झोंबणाऱ्या माणसांचा तो अजस्र संगमरवरी समूह, दोन्ही रोममधल्या काराकाल्लाच्या स्नानगृहांतून सोळाव्या शतकात निघाले आणि पोपच्या फार्नेसे घराण्याकडे गेले. चार्ल्सला हा संग्रह आईकडून वारशात मिळाला. पॉम्पेई पाहून आलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. आपण बेकऱ्या, धोबीखाने, खानावळी पाहून आलेलो असतो आणि इथे पोपच्या घराण्याचा थाट समोर येतो. माझं मत विचाराल तर पहिल्या फेरीत फार्नेसे दालनांना वळसा घालावा. हर्क्युलिस थोर आहे, पण त्याचा या गावांशी संबंध नाही.

मधल्या आणि वरच्या मजल्यावर खरं काम आहे. अलेक्झांडरची मोझेक १८३१ मध्ये सापडली. ती जागेवर ठेवावी की हलवावी यावर बरीच वर्षं वाद झाला आणि १८४३ मध्ये ती नेपल्सला आली. तिथेही आधी ती जमिनीवरच होती; १९१७ च्या सुमारास भिंतीवर उभी केली गेली. ५.८२ मीटर रुंद आणि ३.१३ मीटर उंच. बारीक दगडी तुकड्यांची संख्या दहा लाखांहून बरीच पुढे. भिंतीवर ती चित्रासारखी एका नजरेत मावते, दारियसच्या चेहऱ्यावरची भीती थेट डोळ्यांसमोर येते. पण मालक ती चालता चालता पाहायचा, त्याचे पाहुणे तिच्या कडेने जायचे. हा अनुभव नेपल्स देऊ शकत नाही. तो देते पॉम्पेईतली नक्कल. म्हणजे अस्सल वस्तू खोट्या जागी आणि अस्सल जागेवर खोटी वस्तू. दोन्ही पाहिल्यावर मोझेक पुरी होते.

भित्तिचित्रांच्या दालनांत हा फायदा मिळत नाही. स्टाबिएची पाठमोरी, फुलं खुडणारी फ्लोरा, लेखणी ओठाला लावलेली ती तरुणी, नानबाई टेरेंशियस निओ आणि त्याची बायको, सगळी सुंदर. पण भिंतीतून कापलेले छोटे तुकडे बूर्बोन काळात एकेका चौकटीत जोडून बसवले गेले, कधी निरनिराळ्या घरांतलेही. रोमन भिंत हे एक संपूर्ण रचलेलं नाटक असे: खाली काळा वा तांबडा पट्टा, मधे खोटे खांब, खोट्या खिडक्या, मधोमध पुराणकथा. त्यातली फक्त कथा उचलली की मागे उरतं पोस्टकार्ड.

एक दालन मात्र अपवाद आहे आणि माझ्या मते सबंध संग्रहालयात तेच सगळ्यात शिकवून जातं. पॉम्पेईतलं आयसिस देवीचं मंदिर १७६४ मध्ये सापडलं. नाईल नदीची चित्रं, पुजारी, मूर्ती, विधींची भांडी हे सगळं एकत्र नेलं गेलं, त्याच्या नोंदी आणि रेखाटनं झाली. म्हणून आज नेपल्समध्ये ते मंदिर जवळजवळ पुन्हा उभं करता येतं. त्यातला शिलालेख सांगतो की ६२ सालच्या भूकंपात कोसळलेलं मंदिर न्युमेरियस पोपिडियस सेल्सिनस याने स्वखर्चाने बांधलं, म्हणून नगरसभेने त्याला फुकटात सभासद करून घेतलं. त्याचं वय होतं सहा वर्षं. बाप गुलामीतून मुक्त झालेला. त्याला स्वतःला पद मिळणं कायद्याने शक्य नव्हतं. पैसा बापाचा, नाव पोराचं. राजकारण कळण्यासाठी रोमन इतिहासाचे चार ग्रंथ वाचण्यापेक्षा ही पाटी वाचावी. अस्सल पाटी नेपल्सला, नक्कल मंदिराच्या दारावर.

संग्रहालयातच एक कुलूपबंद खोली होती. १८१९ मध्ये पुढे राजा झालेल्या फ्रान्सिसने बायको-मुलीसह फेरी मारली आणि शृंगारिक वस्तू पाहून त्या वेगळ्या ठेवायचा हुकूम दिला. हा गुप्त कक्ष २००० मध्ये सर्वांसाठी उघडला. आता तिथे शाळकरी हास्याखेरीज धक्कादायक काही नाही. लिंगाकृती दारावर, दुकानावर, दिव्यावर सर्वत्र असायच्या, दृष्ट लागू नये म्हणून. एका खोलीत गोळा केल्यामुळेच त्या अश्लील वाटू लागल्या. जागेवरून हलवल्याने वस्तूचा अर्थ कसा फिरतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

दुसरं उत्तर पॉम्पेईने दिलं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ज्युसेप्पे फिओरेल्ली १८६३ मध्ये प्रमुख झाला. त्याने शहराचे विभाग, ठोकळे आणि दारं यांना क्रमांक दिले; आजही पॉम्पेईतल्या प्रत्येक घराचा पत्ता त्याच पद्धतीने लिहिला जातो. वरून खाली, थर उलगडत खोदायचं, रस्त्यावरून खोलीत शिरायचं नाही, ही शिस्त त्याची. राखेत कुजून गेलेल्या देहांच्या पोकळीत प्लास्टर ओतून माणसांचे साचे काढायची युक्तीही त्याचीच. हे साचे संग्रहालयात न्यायचे की जागेवर ठेवायचे, हा प्रश्न नव्याने उभा राहिला, कारण ते वस्तू नव्हते आणि प्रेतंही नव्हती. एकेका साच्याला गोष्टी चिकटल्या. सोन्याचं कडं घातलेली आई आणि तिच्या कडेवरचं मूल, ही त्यांतली सगळ्यात प्रसिद्ध. २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात ती आई पुरुष निघाली आणि मुलाशी तिचं, म्हणजे त्याचं, रक्ताचं नातं नसल्याचं दिसलं. पाट्या बदलाव्या लागणार.

१८९४-९५ मध्ये व्हेत्ती बंधूंचा वाडा सापडला तेव्हा चित्रं कापली नाहीत. छप्पर पुन्हा घातलं, बागेत पुतळे आणि कारंजी होती तिथेच ठेवली. विसाव्या शतकात आमेदेओ माइउरी यानेही हेच धोरण पुढे नेलं. १९२४ ते १९६१ असा दीर्घ काळ तो या कामाच्या प्रमुखपदी होता. वाचायला हे आदर्श वाटतं, पण जागेवर ठेवण्याचं बिल दर पावसाळ्यात येतं. व्हेत्तींच्या चित्रांवर रक्षणासाठी लावलेल्या मेणाच्या थरांनीच ती झाकोळली. ते काढून वाडा पुन्हा खुला व्हायला जानेवारी २०२३ उजाडलं. १९४३ मध्ये दोस्तराष्ट्रांचे दीडशेहून जास्त बाँब पॉम्पेईवर पडले. त्यांत उद्ध्वस्त झालेल्या ‘स्कोला आर्मातुरारुम’ला नंतर सिमेंट काँक्रीटचं जड छप्पर घातलं गेलं आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुसळधार पावसानंतर ती इमारत बसली. बाँबने नव्हे, दुरुस्तीने. त्या नामुष्कीतून १०५ दशलक्ष युरोंचा महाप्रकल्प निघाला. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० पर्यटकांची मर्यादा आहे. पण पॉम्पेईचा जवळजवळ एक तृतीयांश भाग अजून खोदलेलाच नाही, आणि मला तो तसाच राहावासा वाटतो. जमिनीइतकं चांगलं गोदाम कुणी बांधलेलं नाही.

हर्क्युलेनियमचं उत्तर सगळ्यात कमी दिमाखाचं आणि म्हणूनच मला सगळ्यात पटलेलं. इथे उष्ण राखेच्या लोंढ्याने लाकूड जाळलं नाही, कोळसा करून जपलं. दुसरा मजला, लाकडी सरकती भिंत, पलंग, पाळणा असं बरंच काही उरलं. विसाव्या शतकाच्या शेवटाला हे गाव ढासळत होतं. २००१ पासून अमेरिकेतल्या पॅकार्ड ह्युमॅनिटीज इन्स्टिट्यूटच्या मदतीने काम सुरू झालं, आणि पहिला खर्च कुठे झाला? छपरांवर आणि गटारांवर. पावसाचं पाणी बाहेर काढायला प्राचीन भुयारी गटार साफ केलं, तर त्यात रोमन घरांतला कचरा आणि मैला मिळाला: माशांचे काटे, बिया, तुटकी भांडी. एका रस्त्यावरच्या भाडेकरूंनी काय खाल्लं, ते यातून कळलं. राजाच्या मजुरांनी हे बोगद्यात बुजवलं असतं. जुना समुद्रकिनारा २०२४ मध्ये पर्यटकांसाठी खुला झाला. तिथल्या नावघरांत तीनशेच्या आसपास माणसं जिवंत होरपळली होती. आज तिथे दिसणारे सांगाडे प्रतिकृती आहेत. कुणी याला फसवणूक म्हणेल. मी म्हणणार नाही. माणसं अभ्यासकांकडे आहेत आणि जागेला तिची हकीकत सांगता येते.

या सगळ्याशी महाराष्ट्राचा एक खराखुरा धागा आहे. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या मुख्य रस्त्यालगतच्या एका घरात माइउरीला हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली, पाव मीटर उंचीची, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव रूढ झालं. अभ्यासक तिला यक्षी मानतात. डोक्यापासून आत भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ वा आसनाचा पाय असावी. ती आधी मथुरेची मानली गेली. पण तशाच घडणीच्या मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडल्या आणि मधुकर ढवळीकरांनी तिचं घर भोकरदन असावं असं मांडलं. तळाच्या खरोष्ठी खुणेमुळे वायव्येकडचा संबंधही पुसता येत नाही. नेपल्सला गेलेल्या मराठी माणसाने ती शोधावीच. बराच काळ ती त्या गुप्त कक्षात असे. तिथे कशासाठी, हा प्रश्न मनात घेऊनच तिच्यापुढे उभं राहावं.

उलट दिशेने आलेला पाहुणा कोल्हापुरात आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडात रोमन ब्राँझच्या वस्तू मिळाल्या, त्यांत समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती होती. मग १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. मूर्ती आज टाउन हॉल संग्रहालयात आहे. आणि तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून, शिवारातून जमवलेला संग्रह तेरमध्येच, सरकारी संग्रहालयात आहे. ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर ते हेच. वस्तू गावातच राहिली ही मोठी गोष्ट; पण शिवारात वेचलेल्या वस्तूला थर नसतो, आणि पॉम्पेईच्या यक्षीला घराचा पत्ता आहे. नोंदीपुरतं पाहिलं तर तिथली परदेशी बाई इथल्या घरच्या बायकांपेक्षा सुदैवी ठरली.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. बहुतेक सहली संग्रहालय आधी आणि पॉम्पेई नंतर, तेही एका दिवसात करतात. उलट करा. पहिल्या दिवशी चिर्कुमवेझुव्हियाना रेल्वेने आधी एर्कोलानोला उतरा, हर्क्युलेनियम पाहा. गाव लहान आहे, दोन-तीन तासांत घराची रचना डोक्यात बसते. दुसऱ्या दिवशी त्याच रेल्वेने पॉम्पेई, सकाळी लवकर, टोपी आणि पाणी घेऊन. तिथे रिकाम्या चौकोनांकडे लक्ष ठेवा: भिंतीत मधोमध खळगा दिसला की समजायचं, इथलं चित्र नेपल्सला. अँफिथिएटर नक्की पाहा. ५९ साली इथे पॉम्पेई आणि नुचेरियाच्या प्रेक्षकांत दंगल पेटली आणि सेनेटने दहा वर्षं खेळांवर बंदी घातली. त्या दंगलीचं चित्र संग्रहालयात आहे, आणि अँफिथिएटरच्या बाहेरचे दुहेरी जिने पाहून गेलात तर ते चित्र जिन्यासकट ओळखता येतं. पॉम्पेईच्या आतलं अँटिक्वेरियम जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं. नव्या खोदकामातल्या वस्तू तिथे असतात, पाय दुखायच्या आत बघून घ्या. तिसऱ्या दिवशी नेपल्सचं संग्रहालय, आणि जिन्यावरून थेट वर. काही दालनं बंद असली तर चिडू नका, ते तिथलं नेहमीचंच आहे. दिवस ठरवताना मंगळवार अवशेषांसाठी ठेवा. संग्रहालयाला त्या दिवशी सुट्टी असते.